आधी ट्रिगर, मग माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो छोटा उभा कंगोरा असतो त्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. शब्द मार्मिक आहे. नेम धरताना डोळा त्या माशीवर खिळवायचा, आणि ती मात्र खऱ्या माशीसारखी एका जागी बसायला तयार नसते. मागच्या बाजूला एक खाच असते. तिच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडे उजेडाची सारखी फट सोडून, माथ्याला माथा लावून माशी उभी राहिली की नेम जुळला. ही सगळी धडपड डोळ्यांना दिसते, म्हणूनच स्पर्धेचं पिस्तूल सुधारायचं म्हटलं की पहिला पैसा माशी-खाचेवर जातो. ट्रिगर दिसत नाही, तो बोटाला कळतो, आणि बोटाचं म्हणणं ऐकायला आपल्याला उशीर होतो. ऑकलंडमध्ये नव्या सभासदांची पिस्तुलं त्यांच्या हाताला जुळवून देण्याच्या कामात, माउंट रॉस्किलकडच्या आपल्या मंडळींपासून ते जन्माने किवी असलेल्यांपर्यंत, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: पैसे एकाच गोष्टीला पुरतील, तर आधी काय बदलू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी ट्रिगर, मग माशी. पण ‘आधी ट्रिगर’ म्हणजे ‘आधी हलका ट्रिगर’ असं समजून लोक निम्मंच उत्तर घेऊन घरी जातात, आणि ते निम्मं उत्तर पूर्ण चुकीपेक्षा वाईट ठरतं. म्हणून हे जरा सविस्तर.

या देशात हा प्रश्न सहज म्हणून विचारता येत नाही. न्यूझीलंडमध्ये पिस्तूल बाळगायचं तर शस्त्रपरवान्यावर ‘बी’ मान्यता लागते. ती मिळण्याआधी मान्यताप्राप्त पिस्तूल क्लबात किमान सहा महिने काढावे लागतात आणि मिळाल्यावर वर्षाकाठी किमान १२ दिवस हजेरी भरावी लागते. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यात ५१ माणसं गेली, आणि त्यानंतर कायदा आवळत गेला. २४ जून २०२३ पासून शस्त्रांची देशव्यापी नोंदणीही सुरू झाली. पुष्कळांना हा जाच वाटतो. मला त्या पहिल्या सहा महिन्यांत फायदाच दिसतो. त्या काळात हातात क्लबचं पिस्तूल असतं, त्यात काही बदलायची मुभा नसते, त्यामुळे माणूस कॅटलॉग चाळायच्या ऐवजी आपल्या टार्गेटच्या कागदाकडे बघायला शिकतो. तसं ऑकलंड आणि पिस्तूल ही जोडी आपल्याला अगदीच परकी नाही. १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धा याच शहरात झाल्या आणि मुंबईच्या अशोक पंडितांनी सेंटर-फायर पिस्तुलाचं सुवर्णपदक इथूनच नेलं. माउंट रॉस्किलच्या किराणा दुकानांत आज मराठी कानावर पडतं, पण ही गोष्ट तिथे फारशी कुणाला माहीत नसते.

माशीची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरोखर मजबूत आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाचं उदाहरण घ्या. पुढची माशी आणि मागची खाच यांत साधारण ३५० मिलिमीटरचं अंतर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर छरा दहा मीटरवर २८ मिलिमीटरहून जास्त भरकटतो, म्हणजे थेट सातच्या रिंगणात. याउलट माशी आणि खाच एकमेकांशी नीट जुळलेली आहेत पण अख्खा हातच एक मिलिमीटर डावीकडे गेला, तर छराही एकच मिलिमीटर डावीकडे जातो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे हाताचं ते हलणं त्यात सहज पोटात घेतलं जातं. हिशेब आणखी बारीक केला तर माशीची चूक पाव मिलिमीटरपर्यंत असेल तोवर दहा मिळतात, तीन दशांश झाली की नऊ. पंचवीस मीटरला तर गणित अधिक कडक होतं. तिथे नियमानेच माशी ते खाच अंतर २२० मिलिमीटरच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे एका मिलिमीटरची चूक लक्ष्यावर ११३ मिलिमीटर होते. संथ फेरीच्या कागदावर ते सहा. यावरून माशीवाले म्हणतात, बघा, सगळा खेळ माशी आणि खाच यांच्या जुळणीचा आहे, मग पैसा तिथेच घाला. आकडे त्यांचे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, कारण माशी त्या तीन दशांशांनी सरकते कशाने, हा प्रश्न ते विचारतच नाहीत.

ती सरकवतं बोट. माणसाच्या डोळ्याने काही पाहिलं आणि हाताने त्यावर काही केलं, यात सुमारे एक पंचमांश सेकंद जातो. कितीही तालीम केली तरी हा काळ फारसा आटत नाही. नेम बिघडतोय असं डोळ्याला दिसलं आणि ते बिघडणं गोळी सुटण्याआधीच्या त्या शेवटच्या पंचमांशातलं असेल, तर डोळ्याने सांगितलेलं खरं असूनही निरुपयोगी असतं. निरोप पोहोचेपर्यंत गोळी गेलेली असते. सराव मोजणारी स्कॅट नावाची यंत्रणा आता बऱ्याच प्रशिक्षकांकडे असते. ती नळीची हालचाल पडद्यावर रेघेने काढते आणि शेवटच्या पाव सेकंदाच्या आसपासचा तुकडा वेगळ्या रंगात दाखवते. नवख्या नेमबाजाच्या रेघांमध्ये एक ठरावीक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. सेकंदभर आधीची रेघ मध्याभोवती बऱ्यापैकी घुटमळत असते, आणि शेवटचा रंगीत तुकडा एकदम एका बाजूला, उजव्या हाताच्या माणसाचा बहुधा खाली डावीकडे, पळून जातो. हे बिघडणं माशीमुळे झालेलं नसतं. जगातली सर्वांत देखणी माशी बसवली तरी ते दिसेल अधिक स्पष्ट, थांबणार नाही.

वजनांची तुलना केली की हे आणखी उघड होतं. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण एक किलोचं, आणि त्याचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅमचा, म्हणजे बोट लावतं तो जोर पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम लागतात, तिथे जोर आणि वजन जवळजवळ सारखे. पोलिसी किंवा लष्करी धाटणीचं प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल घ्या. रिकामं असताना ते सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि कारखान्यातून आलेला त्याचा ट्रिगर सुमारे अडीच किलोचा असतो. पिस्तुलाच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटाने लावायचा, बाकीची बोटं हलू द्यायची नाहीत, आणि वर तीन दशांश मिलिमीटरची शिस्त पाळायची. रायफलीला खांदा असतो, गाल असतो, पट्टा असतो. एका हाताने धरलेल्या पिस्तुलाला यातलं काहीच नसतं. म्हणून रायफलवाल्याने दिलेला सल्ला पिस्तूलवाल्याला नेहमीच लागू पडतो असं नाही, आणि आपल्याकडे नेमबाजीचं बरंचसं लिखाण आणि कौतुक रायफलीभोवती फिरलं आहे.

आता ‘चांगला’ ट्रिगर म्हणजे काय. माझ्या मते त्यातला वजनाचा आकडा सर्वांत कमी महत्त्वाचा, कारण खालची मर्यादा नियम ठरवूनच देतो. महत्त्वाचं आहे ते सारखेपण. ट्रिगरच्या चालीचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट थोडा भार घेऊन एका भिंतीशी येऊन थांबतं, दुसऱ्यात ती भिंत कोसळते. पहिला टप्पा एकूण भारातला किती वाटा उचलतो, भिंत दर वेळी त्याच जागी लागते का, कोसळताना ती घासत येते की काचेसारखी तुटते, आणि सुटल्यानंतर ट्रिगर लगेच थांबतो की रिकाम्या जागेत धावत जाऊन आपटतो, हे चार प्रश्न वजनाच्या आधी यायला हवेत. शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. सुटल्यानंतर ट्रिगर दोन-तीन मिलिमीटर रिकामा धावला, तर बोटात साठलेला जोर अचानक निराधार होतो आणि गोळी नळीत असतानाच तो पिस्तुलाला धक्का देतो. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांत ही धाव थांबवणारा एक स्क्रू असतो, आणि तो अनेकदा कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो. म्हणजे ‘ट्रिगर सुधारणे’ याचा पहिला अध्याय पुष्कळदा फुकट असतो. ट्रिगरची पातीही पुढेमागे सरकवता येते. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य तिच्यावर सरळ पडला नाही तर दाब तिरका जातो, आणि मग माणूस उगाच माशी डावी-उजवी करत बसतो.

वजन मोजायची पद्धत बघण्यासारखी आहे, कारण ट्रिगर किती नाजूक गोष्ट आहे हे तिथे कळतं. पिस्तूल उभं, नळी वर. ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि ते टेबलावरून सावकाश उचलायचं. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. तीन प्रयत्न मिळतात. स्पर्धेनंतरही चिठ्ठी काढून तपासणी होते आणि तिथे वजन उचललं गेलं नाही तर नेमबाज बाद. त्यामुळे पाचशेवर काटेकोर बसवलेला ट्रिगर हा शहाणपणा नाही. तापमान, तेल, धूळ आणि झीज यांसाठी दहा-वीस ग्रॅमची माया ठेवलेली बरी. अशी माया ठेवायला सांगितली की नवखी माणसं हिरमुसतात. त्यांना वाटतं, वीस ग्रॅम फुकट गेले. हातातला जोर सगळीकडे सारखा असेल तर वीस ग्रॅमने काहीही बिघडत नाही, आणि सारखा नसेल तर शंभर ग्रॅम कमी करूनही काही सुधारत नाही.

या सगळ्याची खरी परीक्षा महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात होते, म्हणून कोल्हापूरच्या राही सरनोबतचं उदाहरण घेतो. पहिल्या ३० गोळ्या संथ, पुढच्या ३० जलद. जलद फेरीत लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद गायब होतं, आणि हात दर वेळी ४५ अंशांत खाली ठेवून सुरुवात करायची. तीन सेकंदांत हात वर, माशी शोधायची, ट्रिगर सोडायचा. हात वर येईतो बोटाने पहिला टप्पा पार करून भिंत गाठलेली नसेल तर उरलेल्या वेळात एक किलोचा भार ओढणं म्हणजे झटका देणंच. इथे पहिल्या टप्प्याने ७००-८०० ग्रॅम आधीच उचललेले असतील तर शेवटी थोडंच उरतं, आणि ते थोडं सावकाश सोडता येतं. जलद फेरीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ संथ फेरीच्या दुप्पट, १०० मिलिमीटर व्यासाचं असतं. नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की तीन सेकंदांत माशी तितकी काटेकोर जुळणार नाही. त्यांनी माशीला सवलत दिली, ट्रिगरला मात्र दिली नाही, तो दोन्ही फेऱ्यांत १००० ग्रॅमच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून ३४-३४ अशा बरोबरीत अडकल्या आणि सुवर्ण ठरवायला एकामागून एक दोन शूट-ऑफ लागले. राहीने ते जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तशा घडीला छातीचे ठोके माशीवर दिसतात, ते कुणाला थांबवता येत नाहीत. बोटाने रोजचंच काम रोजच्यासारखं करावं, एवढीच आशा असते, आणि ट्रिगर रोज सारखा असेल तरच ती आशा रास्त.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जुन्या, तालीमबाज मंडळींचा: ट्रिगर ही विकत घ्यायची वस्तू नाही, ती सवय आहे, रिकाम्या पिस्तुलाचा सराव करा, पैसे वाचवा. यातला पूर्वार्ध मला शंभर टक्के मान्य आहे. वर्षाला हजेरीचे १२ दिवस धरले आणि दर वेळी ६० गोळ्या, तर वर्षाच्या ७२० गोळ्या होतात. एवढ्यावर कुणाचंही बोट घडत नाही. बोट घडतं ते ‘ड्राय’वर, म्हणजे गोळीविना केलेल्या हजारो ओढींवर. पण याच कारणाने ट्रिगर आधी नीट हवा. घासत येणाऱ्या, दर वेळी वेगळ्या जागी सुटणाऱ्या ट्रिगरवर हजार ओढी केल्या तर हजार वेळा त्या घासण्याशी जुळवून घ्यायची सवय पक्की होते, आणि पुढे चांगला ट्रिगर मिळाला की तीच सवय आडवी येते. बेसूर पेटीवर रियाज करू नये, असं गाणारे सांगतात, ते याहून वेगळं नाही. एक व्यवहारातली गोष्ट इथेच सांगून टाकतो: पॉइंट टू टूच्या पिस्तुलात चेंबर पूर्ण रिकामं ठेवून ड्राय केलं तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटण्याची भीती असते. डमी काडतूस घालावं. आणि डमीचा आणखी एक उपयोग आहे. क्लबमधल्या दुसऱ्या माणसाने खऱ्या गोळ्यांत एखादी डमी नकळत मिसळून दिली, तर ती आली की आवाज होत नाही, फक्त नळीने मारलेली बुडी दिसते. माशी की ट्रिगर, हा वाद त्या एका बुडीत मिटतो.

दुसरा आक्षेप वयाचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पंचेचाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, माशी धूसर होते, मग ट्रिगर घेऊन काय करायचं? बरोबर आहे. पण धूसर माशीवरचा इलाज बहुधा माशी नसते, चष्मा असतो. माशी डोळ्यापासून साधारण एक मीटरवर असते. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर वाढवलेलं भिंग नेमबाजीच्या फ्रेममध्ये बसवलं की बहुतेकांना माशी ठसठशीत दिसते आणि लक्ष्य थोडं पुसट, जसं ते हवंच. हे भिंग नव्या माशी-खाचेपेक्षा स्वस्त पडतं आणि पिस्तूल बदललं तरी आपल्याबरोबर येतं. त्यातून माशी चमकत असेल तर आपल्या देवघरातला इलाज आहे. कापराच्या ज्योतीवर माशी क्षणभर धरली की तिच्यावर मखमली काजळी चढते आणि उजेड परतत नाही. ऑकलंडच्या आभाळाखाली, जिथे ऊन आणि पाऊस तासातासाला जागा बदलतात, ही काजळी महागड्या लेपापेक्षा भरवशाची. (पिस्तूल रिकामं, काडतुसं दूर, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.) वयाबद्दलचा आणखी एक दाखला घरचाच आहे. न्यूझीलंडच्या ग्रेग येलाविचने १९८६ ते २०१० या काळात राष्ट्रकुल स्पर्धांत १२ पदकं मिळवली, आणि त्यातल्या शेवटच्या स्पर्धेच्या वेळी तो पन्नाशी ओलांडलेला होता. पॅरिस २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचने एक हात खिशात घालून, कसलीही खास भिंग-झापड न लावता रौप्य मिळवलं आणि जगभर त्याचे फोटो फिरले. लोकांनी त्याच्या डोळ्यांवर काय नाही ते पाहिलं. त्याच्या हातात पूर्ण स्पर्धेचं पिस्तूल आणि स्पर्धेचाच ट्रिगर होता, ते कुणी पाहिलं नाही.

तिसरा आक्षेप लाल ठिपक्यावाल्यांचा. इथे आयपीएससी, म्हणजे पळत, वळत, वेळेशी शर्यत लावून केलेली नेमबाजी, चांगलीच लोकप्रिय आहे, आणि तिच्या काही विभागांत पिस्तुलावर रेड डॉट चालतो. ठिपका आला की माशी आणि खाच जुळवायचीच नाही, ठिपका लक्ष्यावर ठेवायचा. वेगाच्या खेळात याचा फायदा मी नाकारत नाही. पण पहिल्या काही महिन्यांत ठिपका बहुतेकांचा नेम बिघडवतो. तो हाताचं हलणं मोठं करून दाखवतो, माणूस घाबरतो, ठिपका मध्यावरून जाताना ‘आत्ता!’ म्हणून बोट झटकतो, आणि गोळी जाते भलतीकडे. म्हणजे ठिपक्यानेही शेवटी ट्रिगरचाच दोष उघडा पाडला. शिवाय नियम बघा. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत ठिपका चालतच नाही, उघडी माशीच लागते. आयपीएससीच्या प्रॉडक्शन विभागात ट्रिगरला खालची मर्यादा आहे: पहिली ओढ किमान २.२७ किलो, किंवा मग प्रत्येक ओढ किमान १.३६ किलो. कोणत्या विभागात खेळायचं हे ठरवण्याआधी ठिपका घेणं म्हणजे सामना कुठे आहे ते न बघता बूट घेणं. ट्रिगरवर केलेलं काम, नियमाच्या वजनात राहून केलेलं असेल तर, बहुतेक ठिकाणी चालतं.

आणि चौथा आक्षेप, ज्याला मी आक्षेप न म्हणता इशारा म्हणेन: ट्रिगरशी खेळणं धोक्याचं आहे. आहेच. ज्या दोन पोलादी कडांवर घोडा अडकून राहतो त्या कडांना घरी बसून कानस लावणाऱ्या माणसाच्या शेजारच्या लेनमध्ये मी उभा राहणार नाही. कडा झिजल्या की पिस्तूल धक्क्याने सुटू शकतं, आणि आयपीएससीत नकळत सुटलेली एक गोळी म्हणजे सामन्यातून बाद. म्हणून स्क्रू फिरवणं आपलं काम, कडांना हात लावणं परवानाधारक गनस्मिथचं. भरवशाचा मुद्दा तर याहून मोठा आहे. २५ जुलै २०२१ ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्यात बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि ती ५७५ गुणांवर, अंतिम फेरीपासून दोन गुणांनी दूर राहिली. तेव्हा तिच्याबरोबर प्रशिक्षक होते रौनक पंडित, त्याच अशोक पंडितांचे चिरंजीव. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यं मिळवली हे खरं, पण टोकियोचे ते दोन गुण परत आले नाहीत. यातून मी घेतो ते एवढंच: हलकेपणा, नाजूकपणा आणि चलाखी यांच्या आधी ट्रिगर दर वेळी चालला पाहिजे. जो ट्रिगर शंभरातून एकदा चुकतो तो कितीही गोड असला तरी सुधारणा नव्हे.

माझ्या नियमाला अपवाद आहेत, ते लपवत नाही. पिस्तुलाची माशी आणि खाच दोन्ही पक्की असतील, सरकवता येत नसतील, आणि गोळ्या एकत्र पण मध्यापासून दहा सेंटिमीटर बाजूला पडत असतील, तर आधी सरकवता येणारी खाच घ्या, त्यात वाद नाही. माशी खाचेपेक्षा इतकी रुंद असेल की दोन्हीकडची उजेडाची फट दिसतच नाही, तर अरुंद माशी बसवा, ती साधारण सर्वांत स्वस्त सुटी वस्तू असते. आणि मूठ हाताला बसत नसेल तर माझे हे दोन्ही क्रम बाजूला ठेवा. बोट ट्रिगरवर सरळ पोहोचत नसेल तर वरचं सगळं लिखाण व्यर्थ आहे. मूठ कानशीने घासून आणि पुटी भरून महिनाभरात जमवता येते, त्याला पैसा फारसा लागत नाही, धीर लागतो. साध्या पोलिसी पिस्तुलावर ट्रिगर, माशी, मूठ असं एकेक चढवत जाण्यापेक्षा जुनं पण जातिवंत स्पर्धा-पिस्तूल घेणं शेवटी स्वस्त पडतं, असंही माझं मत आहे. ते पुष्कळांना आवडत नाही, कारण एकेक वस्तू घेण्यात जी मजा असते ती त्यात नसते.

तेव्हा पुढच्या रविवारी रेंजवर जाल तेव्हा आधी तुमचे शेवटचे पाच कागद बरोबर घ्या. गोळ्या एकत्र पण बाजूला पडल्या असतील तर स्क्रूड्रायव्हर पुरे. सगळीकडे सारख्या विखुरल्या असतील तर चष्म्याच्या दुकानाची वेळ घ्या. आणि मध्यावर एक छान घोळका, शिवाय खाली डावीकडे चार-पाच एकट्या पडलेल्या गोळ्या असतील, तर पाकीट खिशातच राहू द्या. पिस्तूल रिकामं आहे हे दोघांनी बघा, क्लबचं ट्रिगरचं वजन मागून घ्या, नळी वर करा आणि ते सावकाश उचला. दहा वेळा उचला, आणि दर वेळी काय झालं ते लिहून ठेवा.